काथ्याच्या फळ्यांचा साकव

विलासिनीचं घर कालव्याच्या अलीकडे आणि तिच्या नणंदेचं, पंकजाक्षीचं, पलीकडे. मधलं पाणी इतकं अरुंद, की या पडवीतून हाक मारली तर त्या पडवीतलं मांजर कान टवकारायचं. पण हाक पोचणं वेगळं आणि माणूस पोचणं वेगळं. दोन वर्षांमागं पावसात साकवावरून पंकजाक्षीचा पाय सटकला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ती अलीकडे आलेली नव्हती. साकव म्हणायचा आपला बोलायला. माडाचे दोन ओंडके टाकलेले आणि हाताला एक बांबू, तोही असून नसल्यासारखा.

ऑपरेशन झालं, हाड सांधलं, काठी घेऊन ती अंगणापर्यंत चालायलाही लागली. ओंडक्यांपाशी मात्र यायची आणि परत फिरायची. तिचा मुलगा सुगुणन एकदा म्हणाला, "अम्मे, मी उचलून नेतो ना पलीकडे. कितीसं वजन आहे तुझं?" त्यावर पंकजाक्षीनं त्याला असं झाडलं, की त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही.

"मला जिवंतपणी कुणी उचलायचं नाही," ती म्हणाली. "मेल्यावर खुशाल चौघं मिळून उचला. तेव्हा मी काही बोलणार नाही."

मग रोज दुपारी विलासिनीच थर्मासमध्ये काळा चहा आणि डब्यात उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, घेऊन पलीकडे जायची. पंकजाक्षी खायची, बोलायची, पण हळूहळू तिचं बोलणं आटत चाललं होतं. मारारिक्कुळमच्या देवळातल्या उत्सवाच्या गोष्टी विलासिनीनं सांगाव्यात आणि तिनं भिंतीकडे बघत "हं" म्हणावं. एक दिवस तिनं खाटच भिंतीकडे तोंड करून फिरवून घेतली. उजेड डोळ्यांवर येतो म्हणाली. माणूस घरात बसून बसून असं विझत जातं, हे तिनं आपल्या सासूच्या बाबतीत पाहिलं होतं.

नणंद-भावजयींचं पटणं ही आमच्याकडे काही रोज दिसणारी गोष्ट नाही. या दोघींचं पटलं ते रहाटामुळे. काथ्याचं सूत काढायचं तर एकीनं बसून रहाट फिरवायचा आणि दुसरीनं कमरेला काथ्याचा पुंजका बांधून, सूत सोडत सोडत मागे मागे चालत जायचं. विलासिनी एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हा तिला शिवणाची कात्री धरता येत होती, सूत धरता येत नव्हतं. कोरडा काथ्या बोटांत घुसायचा, रक्त यायचं. पंकजाक्षीनं तिला रहाटापुढे उभं केलं आणि शिकवलं. पुढची चाळीस वर्षं विलासिनी सूत काढत मागे जात राहिली आणि पंकजाक्षी रहाटावर बसून तिच्याकडे बघत राहिली. दिवाकरन, म्हणजे विलासिनीचा नवरा आणि पंकजाक्षीचा धाकटा भाऊ, छातीत कळ येऊन अचानक गेला, तेव्हा सगळ्या गावानं येऊन समजावलं. पंकजाक्षीनं मात्र सोळाव्या दिवसाचे विधी झाल्यावर सरळ रहाट मांडला आणि म्हणाली, "चल, ऊठ. मी एकटी नुसता रहाट फिरवत बसू का?" विलासिनी उठली. ती सांगायची, की त्या दिवशी उठले म्हणून आज आहे.

पुढे यंत्राचं सूत आलं, रहाट अडगळीत गेले, काथ्याच्या सोसायटीच्या शेडला कुलूप लागलं. मग एके दिवशी ते कुलूप उघडलं आणि आत एक लांबलचक यंत्र येऊन बसलं. वॉर्डाची मेंबर रमणी हिनं ते कुठून कुठून खटपटी करून आणवलं होतं, तेही काही दिवस अजमावून बघायला. पश्चिमेला समुद्रावर मच्छीमारांच्या जाळ्यात मत्ती मासळीपेक्षा प्लास्टिकच्या पिशव्याच जास्त यायला लागल्या होत्या. इकडे नारळाची सोडणं कुटणाऱ्या गिरण्यांमागे तुटक्या काथ्याचे आणि भुश्याचे डोंगर साठलेले. एक समुद्राची घाण आणि एक आमची. दोन्ही वाळवून, बारीक करून यंत्राच्या तोंडात घालायचं. प्लास्टिक वितळतं, काथ्याला धरतं, दुसऱ्या टोकाला साच्यातून जाडजूड फळी बाहेर येते आणि थंड व्हायला पाण्याच्या टाकीत पडते. ना वाळवी लागत, ना पाण्यानं कुजत.

रमणीनं बायकांची बैठक घेतली आणि सांगितलं, "पहिल्या चांगल्या फळ्या आपल्या कालव्याच्या साकवाला. कठड्यासकट. पण विषूच्या सणापर्यंत भार पेलणारी फळी निघाली नाही, तर यंत्र दुसऱ्या वॉर्डात जाईल. मग सिमेंटच्या पुलाची वाट बघत बसा."

सिमेंटच्या पुलाची वाट आमच्या दोन पिढ्यांनी बघितली होती. विलासिनीनं त्याच बैठकीत हात वर केला. गुडघे दुखतात, दम लागतो, घरी मुलगी फोनवरून ओरडते, कशाकशाची तिनं पर्वा केली नाही. तिला यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. तिला कठडा असलेला साकव हवा होता, ज्यावरून पंकजाक्षी आपल्या पायांनी चालत येईल.

तिला काम मिळालं ते यंत्राच्या तोंडाशी बसून काथ्या पिंजून आत सारण्याचं. सूत काढणारीच्या हाताला ते सोपं. एक दिवस ती, एक दिवस ओमना. यंत्र चालवायला शाजी, तोही इथलाच, आईच्या रहाटाखाली रांगत मोठा झालेला. प्लास्टिक धुवायला समुद्राकाठची जसिंता.

पहिली फळी टाकीतून काढली तेव्हा सगळ्या गोळा झाल्या. गर्द तपकिरी रंग, वर काथ्याच्या रेषा. विलासिनीनं तिच्यावरून मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. शाजीनं फळी दोन चिऱ्यांवर आडवी टाकली आणि वर उभा राहिला. फळीनं क्षणभर विचार केला आणि कडकन मोडली. आत पाहिलं तर नुसती जाळी. भोकंच भोकं.

"आप्पम!" ओमना म्हणाली. तांदळाचं जाळीदार घावन, नारळाच्या दुधात बुडवून खातात ते. सगळ्या हसल्या.

पुढच्या फळ्याही तशाच निघाल्या, तेव्हा हसू ओसरलं. "आज किती आप्पम?" अशी येता-जाता लोक चेष्टा करायला लागले. एकानं तर नारळाचं दूध आणू का म्हणून विचारलं. शाजीनं फोनवर यंत्रवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, माल ओला आहे. आत पाणी राहिलं की त्याची वाफ होते आणि फळी फुगते. काथ्या पापडासारखा कोरडा पाहिजे.

ओला? मीनम महिन्याचं ऊन डोक्यावर तापत होतं. काथ्या चटयांवर दिवसेंदिवस वाळत होता, मुठीत धरला तर करकर वाजत होता. विलासिनी स्वतः तो उलथापालथा करायची. मग राहिलं काय? प्लास्टिक. मग राहिलं कोण? जसिंता.

कुणी उघड बोललं नाही, पण खापर तिच्यावर फुटलं ते फुटलंच. ती आली की बोलणं थांबायचं. ती बिचारी पिशवी न् पिशवी उलटी करून दोरीवर टांगायची, संशय नको म्हणून स्वतःच्या पंच्यानं पुसायची. खाऱ्या पाण्यानं तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. आणि एका दुपारी विलासिनीच बोलून गेली. विषू जवळ येत चालला होता, आदल्या दिवशी पंकजाक्षीनं चहाही अर्धा ठेवला होता, जीव टांगणीला लागलेला.

"तुम्हा किनाऱ्यावरच्या बायकांना ओलं-कोरडं कळणार कसं गं?" ती फाडकन म्हणाली. "जन्मच पाण्यात तुमचा."

जसिंतानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "अम्मायी, हात लावून बघा ना एकदा," एवढंच म्हणाली आणि पुसत असलेली पिशवी पुन्हा पुसायला लागली.

त्या दिवशी विलासिनी चहाबरोबर मोडक्या फळीचा तुकडा घेऊन पलीकडे गेली. पंकजाक्षीला दाखवून काही होणार होतं असं नाही. पण चाळीस वर्षं सूत तुटलं की ते रहाटाकडे नेऊन दाखवायची सवय.

"चेच्ची, बघ. असं होतं रोज. आता यंत्र जाणार."

पंकजाक्षी खाटेवर उठून बसली. तिनं तुकडा डोळ्यांजवळ धरला, भोकांत नख घातलं, वास घेतला. "ओलं आहे म्हणतात?"

"हो. पण काथ्या तर मी स्वतः वाळवते."

"आणि मग?"

"मग काय? मग पिंजून घालते तोंडात."

"कशी घालतेस?"

"कशी म्हणजे? अशीच."

"अशीच म्हणजे कशी? करून दाखव."

विलासिनीला जरा रागच आला. पण भांडी घासायला ठेवलेला काथ्याचा पुंजका तिनं ओढला, खाली फतकल मारून बसली आणि करून दाखवायला लागली. उजव्या हातानं पिंजायचं, झटकायचं, पुढे सारायचं. पिंजायचं, झटकायचं, सारायचं. पंकजाक्षी बघत राहिली, आणि बघता बघता तिचे खांदे हलायला लागले. मग तोंडावर हात ठेवून ती हसायला लागली. दोन वर्षांत विलासिनीनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"हात बघ."

"बरोबर तर करतेय."

"तो नाही. डावा. डावा हात बघ तुझा."

विलासिनीनं बघितलं. तिचा डावा हात शेजारच्या पाण्याच्या किंडीत, त्या तोटीच्या तांब्यात, होता. बोटं भिजलेली. मांडीवरचा काथ्या शिंपडलेल्या थेंबांनी ठिपकेदार झालेला.

शेडमध्ये तिच्या डाव्या बाजूला पाण्याचं पिंप होतं. फळ्यांच्या टाकीत भर घालायला ठेवलेलं.

सूत काढायचं तर काथ्यावर आधी पाणी शिंपडायचं. नाहीतर तो मऊ पडत नाही, बोटं फाडतो. हे इथं कुणी कुणाला सांगत नाही, जसं श्वास घे म्हणून सांगत नाहीत. दिवसचे दिवस वाळवलेला काथ्या विलासिनी यंत्राच्या तोंडाशी आणून, अगदी शेवटच्या क्षणी, मूठ मूठ भिजवून आत घालत होती. मनाला पत्ताच नव्हता. शेडमधल्या एकीच्याही डोळ्यांत ते खुपलं नव्हतं, कारण काथ्यापाशी बसलेल्या बाईची बोटं पाण्यात जातातच.

पंकजाक्षीचं हसू थांबलं, कारण विलासिनी रडत होती.

"मीच," विलासिनी म्हणाली. "चेच्ची, मीच बुडवला तुझा साकव. आणि त्या पोरीला नाही नाही ते बोलले."

"इकडे ये." पंकजाक्षीनं तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुला पाणी शिंपडायला शिकवलं कुणी? मी. आल्या आल्या बोटं रक्तानं भरवून घेतली होतीस, आणि माझ्या अम्माला कळू नये म्हणून नेसलेल्या मुंडूत लपवत होतीस. मला इतकी दया आली होती तुझी. म्हटलं, पोरी, आधी पाणी दे, मग तो चावायचा नाही. तुझा हात माझं ऐकतोय अजून. त्याला काय शिव्या घालायच्या?"

दुसऱ्या दिवशी विलासिनीनं शेडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. काही लपवलं नाही. मग मागून ओमनाचा बारीक आवाज आला.

"मीपण शिंपडते."

शाजीनं कपाळावर हात मारून घेतला. "मी रोज बघत होतो हो! रोज! माझी अम्मा तसंच करायची, मला वाटलं काथ्याचं काम म्हणजे असंच असतं."

विलासिनी जसिंतापुढे जाऊन उभी राहिली. वयानं ही जवळजवळ तिच्या आईएवढी. तरी हिनं तिचे चिरा पडलेले हात धरले आणि म्हणाली, "मी चुकले गं. मला माफ कर."

जसिंताला राग होता, नाही असं नाही. मग म्हणाली, "अम्मायी, जन्म पाण्यात कुणाचा म्हणालात त्या दिवशी?" आणि आधी ती हसली, मग सगळं शेड.

त्यांनी पिंप उचलून पार दुसऱ्या टोकाला नेलं. तरी विलासिनीचा हात मोकळ्या जागेत जाऊन पाणी शोधायचा, सापडलं नाही की शेजारणीच्या पाण्याच्या बाटलीकडे वळायचा. शेवटी जसिंतानंच आपल्या पंच्यानं तो तिच्या कमरेला बांधून टाकला. "अम्मायी, हात!" अशी दिवसातून कितीदा तरी हाक उठायची आणि पंच्यातून निसटू पाहणारा हात चोरासारखा आत जायचा. एका हातानं काम दुप्पट वेळ घ्यायचं. पण फळी निघाली ती दगडासारखी. शाजी उभा राहिला, मग ओमना चढली, आणि ओमना चढली म्हणजे मग कुणालाच काही शंका उरली नाही. कापून पाहिलं तर आत एक भोक नाही.

विषूच्या आधी साकव झाला. रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना कठडा. रमणीनं फीत कापली, भाषण केलं, सगळे पलीकडे जाऊन अलीकडे आले, मुलांनी तर धावून धावून साकवालाच धाप लावली. पंकजाक्षी पडवीत खुर्चीवर बसून बघत होती.

"चल," विलासिनी म्हणाली.

"उद्या येते. आज गर्दी आहे."

उद्या तिचा पाय दुखत होता. परवा ऊन होतं. तेरवा ती साकवाच्या टोकापर्यंत आली, काठीनं पहिली फळी ठोकून पाहिली आणि परत फिरली. तेव्हा विलासिनीचा धीर सुटला.

"यासाठी केलं का मी सगळं?" ती ओरडली. "हात बांधून घेतला, सगळ्या गावाचं ऐकून घेतलं. आता मी नाही येणार चहा घेऊन. प्यायचा असेल तर तू ये!"

बोलून गेली आणि घरी येऊन पस्तावली. दुसऱ्या दिवशी दुपार झाली. तिनं चहाचं भांडं चुलीवर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. थर्मास धुऊन पुसून ठेवला. जायचं नाही, असं स्वतःलाच बजावत ती पडवीत आली, आणि बघते तो पंकजाक्षी साकवाच्या मधोमध उभी.

बरोबर कुणी नाही. एक हात कठड्यावर, एक काठीवर. पुढे येववत नव्हतं, मागे जाववत नव्हतं. खाली हिरवं पाणी. विलासिनीच्या डोळ्यांपुढे त्या सगळ्या मोडलेल्या फळ्या आल्या. शाजीनं एकेक ठोकून बघितली होती, तिला माहीत होतं. तरीही वाटलं, एखादी राहिली असली तर? आपल्या हातचा एखादा थेंब आत राहिला असला तर? ती धावत सुटली.

"तिथंच थांब!" पंकजाक्षी मधूनच ओरडली. आवाज रहाटावरचाच. "हात लावायचा नाही मला."

"चेच्ची, पडशील—"

"पडले तर पडले. तू बघत उभी राहिलीस तर मात्र नक्की पडेन. जा. चहा टाक जा."

विलासिनी थांबली. आयुष्यात तिला इतकं अवघड काही कुणी सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यावर ऊठ म्हणून सांगितलं होतं, तेसुद्धा यापुढे सोपं. ती वळली. साकवाकडे पाठ करून घरात गेली, चुलीपुढे उभी राहिली आणि दोन्ही हात घट्ट पोटाशी धरले. बाहेर काठी वाजली. मग काहीच नाही. मग पुन्हा वाजली. या फळ्यांचा आवाज लाकडासारखा नाही, बसका आहे, कान देऊन ऐकावा लागतो. चहा उतू गेला, चूल विझली, ती हललीसुद्धा नाही. काठी थांबली. बराच वेळ काही नाही. तिनं तसबिरीतल्या गुरुदेवाला हाक मारली, दिवाकरनला हाक मारली. पाण्यात काही पडल्याचा आवाज येतोय का, म्हणून श्वास रोखून धरला.

मग अंगणातली वाळू करकरली. पायरीवर कुणीतरी धापा टाकत बसलं.

"चहाचा वास येतोय की जळका," पंकजाक्षी म्हणाली. "दोन वर्षांनी माणूस घरी येतं, आणि ही बाई चहा जाळते."

विलासिनी बाहेर आली. पंकजाक्षी घामानं चिंब झाली होती, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि चेहरा मात्र रहाटावर बसलेल्या बाईचा. विलासिनी पायरीवर तिच्या शेजारी टेकली आणि रडायला लागली.

"आता हात लावला तर चालेल," पंकजाक्षी म्हणाली.